नव्हता आणि न होता

मराठीत 'होता' म्हटले की गोष्ट घडून गेलेली असते. एक राजा होता, म्हणजे होताच. त्याला किती राण्या होत्या हा पुढचा प्रश्न. उर्दूत हीच दोन अक्षरे 'अगर'च्या मागून आली की राजाचे राज्य जाते. 'अगर मैं राजा होता' असे जो म्हणतो तो राजा नाही, हे ऐकणाऱ्याला वेगळे सांगावे लागत नाही. मराठी 'होता' साक्षीदारासारखा उभा राहतो आणि उर्दू 'होता' उसासा टाकतो.

उर्दू माध्यमाच्या शाळेत हे दोन्ही 'होता' एकाच दिवशी, एकाच फळ्यावर येऊन जातात. मराठीचा तास संपतो, डस्टर फिरते, उर्दूचा तास सुरू होतो. त्यांच्यामध्ये आमचा इंग्रजीचा तास. पोरांच्या वहीत तिन्ही भाषा असतात, दोन डावीकडून आणि एक उजवीकडून, आणि मधल्या पानावर तिघी भेटतात. गालिबची एक प्रसिद्ध गझल आहे, तिचा रदीफच 'होता' आहे. ती मराठी डोळ्यांनी वाचली तर सगळी इतिहासजमा होते. उर्दू कानाने ऐकली तर तिच्यातले काहीच कधी घडलेले नसते.

मराठीतला 'नव्हता' आणि उर्दूतला 'न होता' यांचे तर आणखी गमतीचे. ऐकायला सख्खे भाऊ. 'तो घरी नव्हता' ही बातमी आहे. 'वो घर पे न होता' ही बातमी नाही. उलट तो घरीच होता, म्हणून तर पुढची गोष्ट घडली. एकाच आवाजाच्या दोन शब्दांतून एक माणूस घराबाहेर जातो आणि एक घरात सापडतो. नववीच्या पोरांना इंग्रजीतला नकार आणि 'इफ' शिकवताना आम्ही सुरुवात येथूनच करतो. बी.एड.ला असताना आम्हाला उद्गामी पद्धत शिकवली होती, आधी उदाहरण आणि मग नियम. पाठ टाचणात ती सगळेच लिहितात. उदाहरण पोराच्या तोंडातूनच काढायचे, हे मात्र वर्गात उभे राहिल्यावर कळते.

आधी नकाराचे पाहू. आमच्या सोलापूरकडच्या घरांतून जी दखनी बोलली जाते, तिच्यात नकाराचे दुकान चांगले भरलेले आहे. उर्दूचे 'नहीं' आहे, ते घाईत 'नई' होते. 'न' आहे, 'मत' आहे. शिवाय मराठीकडून उसना घेतलेला आणि कधीच परत न केलेला 'नक्को' आहे. लखनौच्या माणसाला हा 'नक्को' ऐकून हसू येते. आम्हाला मात्र तो फार मोलाचा वाटतो, कारण 'नाही' आणि 'नको' यांत केवढे अंतर आहे! चहा नाही म्हणजे घरात साखर संपली. चहा नको म्हणजे पाहुणा लाजतो आहे. मराठीत त्याशिवाय 'नये' आहे, 'नव्हे' आहे, 'नसेल' आहे. मराठी नकार नुसता शब्द नसतो, तो क्रियापदासारखा चालतो. नाहीस, नाहीत, नव्हती, नसतील. माणूस बदलला, काळ बदलला की नकारही कपडे बदलतो.

इतक्या श्रीमंतीतून आलेले पोर इंग्रजीच्या दारात उभे राहते आणि त्याच्या हातात एक 'नॉट' ठेवला जातो. बरे, तो 'नॉट' एकटा येत नाही, सोबत 'डू'ला घेऊन येतो. 'ही वेंट' याचा नकार 'ही डिड नॉट गो'. पोर लिहिते 'ही डिड नॉट वेंट'. तपासणारे लाल शाईने खोडतात आणि 'पाया कच्चा' म्हणतात. आमचे मत वेगळे आहे. पोराचा पाया पक्काच आहे, फक्त तो दुसऱ्या घराचा आहे. 'तो गेला' याचा नकार 'तो गेला नाही'. 'वो गया' याचा 'वो नहीं गया'. दोन्हीकडे 'गेला' आपल्या जागी कायम, काळ त्याच्याच अंगावर. इंग्रजीत मात्र 'डिड' येतो आणि भूतकाळाचे ओझे स्वतःच्या डोक्यावर घेतो, म्हणून मागचे क्रियापद मोकळे होते. आम्ही पोरांना सांगतो की हमाल आल्यावर पेटी कोणी दोघांनी उचलत नाही. हे ऐकल्यावर निम्म्या वर्गाचा 'वेंट' सुटतो.

इंग्रजीही नेहमी अशी नव्हती. 1611 सालच्या बायबलच्या इंग्रजी भाषांतरात 'आय नो नॉट' या धाटणीची वाक्ये भरलेली आहेत, म्हणजे सरळ आपल्या 'मला माहीत नाही'सारखी, नकार शेवटी. त्याच्याही कैक शतके आधी नकाराचे चिमुकले 'ने' क्रियापदाच्या आधी यायचे. ते बोलता बोलता झिजले, मग त्याला आधार म्हणून 'काहीही नाही' अशा अर्थाचा शब्द मागे जोडला गेला, आणि आधार देणाराच पुढे मालक झाला. तोच आजचा 'नॉट'. आता 'डोन्ट'मध्ये त्याचीही केवळ एक चिमूट उरली आहे. ऑटो येस्पर्सन नावाच्या डॅनिश व्याकरणकाराने 1917 साली नकारावरच एक पुस्तक लिहून अनेक भाषांतला हा फेरा दाखवला. नकार झिजतो आणि लोक त्याला पुन्हा जोर देतात. आमच्या मोहल्ल्यातल्या आया पोरांना एकदा 'नक्को' म्हणतात, मग तीनदा म्हणतात, मग चप्पल शोधतात. येस्पर्सनसाहेबांना तेवढेच म्हणायचे होते.

नकाराची खरी किंमत कुठे मोजावी लागते ते सांगतो. आमचा एक माजी विद्यार्थी, आयटीआयमधून एअर कंडिशनरचे काम शिकलेला, आखातातल्या नोकरीच्या मुलाखतीला मुंबईला गेला. समोरच्या साहेबांनी कागद पाहत विचारले, 'यू हॅव नॉट वर्क्ड इन द गल्फ बिफोर?' पोरगा अदबीने म्हणाला, 'यस सर.' साहेबांनी मान वर केली. 'व्हेअर?' आता पोरगा गोंधळला. म्हणाला, 'नो सर.' साहेबांनी पुन्हा विचारले, केलेस की नाही? त्याने पुन्हा 'यस सर' म्हटले. साहेबांनी कागदावर काहीतरी लिहिले आणि पुढच्याला बोलावले. रात्री त्याचा फोन आला. नोकरीचे दुःख होतेच, पण त्याहून मोठे दुःख हे की साहेब त्याला खोटा समजले. 'सर, मैं झूट नई बोल्या,' एवढेच तो पुन्हा पुन्हा सांगत होता.

तो खोटे बोलला नव्हता. आपल्याकडे 'जेवला नाहीस?' या प्रश्नाला 'हो, नाही जेवलो' असेच उत्तर असते. उर्दूतही 'जी हाँ, नहीं खाया'. आपला होकार विचारणाऱ्याला असतो, तुमचे म्हणणे बरोबर आहे असा. इंग्रजीचा 'यस' आणि 'नो' विचारणाऱ्याकडे बघत नाही, घडलेल्या गोष्टीकडे बघतो. काम केले असेल तर 'यस', नसेल तर 'नो', मग प्रश्न उलटा असो की सुलटा. जपानी भाषाही या बाबतीत आपल्यासारखीच आहे, म्हणजे आपण काही जगावेगळे नाही. पण मुलाखत घेणारा जपानी नव्हता. तेव्हापासून आम्ही नववीला हे आठवडाभर तोंडी घेतो. पुस्तकात त्याला जेमतेम दोन ओळी आहेत.

आता 'इफ'. इंग्रजीच्या पुस्तकात याचे पहिला, दुसरा, तिसरा असे प्रकार पाडलेले असतात आणि पोरे ते पाढ्यासारखे पाठ करतात. अडचण दुसऱ्यापासून सुरू होते. 'इफ आय हॅड अ सायकल, आय वुड गिव्ह इट टू यू.' पोर विचारते, सर, 'हॅड' म्हणजे भूतकाळ ना? मग सायकल आधी होती ना? नव्हती. आजही नाही. मग भूतकाळ कशाला?

हा प्रश्न इंग्रजी माध्यमातल्या पोरांना कोणी कसा समजावतो ते आम्हाला ठाऊक नाही, पण उर्दू शाळेत त्याचे उत्तर आधीच घरात असते. उर्दूच्या कवाइदमध्ये माजीचे सहा प्रकार पोरांनी घोकलेले असतात. मुतलक, करीब, बईद, इस्तमरारी, शक्किया आणि शेवटचा तमन्नाई, ज्याला शर्तियाही म्हणतात. (हा 'माजी' मराठीतही आहे, मात्र येथे तो बहुधा आमदारांना लागतो.) 'काश वो आता', 'अगर वो आता' ही माजी तमन्नाई. म्हणजे जे घडलेच नाही त्याला आपल्या जुन्या उस्तादांनी भूतकाळाच्याच कोठडीत ठेवले. इंग्रजीने 'हॅड' लिहून वेगळे काय केले? जे काल होते ते आज हाताबाहेर आहे, आणि जे कधी नव्हतेच तेही हाताबाहेर आहे. दोन्ही दूरचे, म्हणून दोघांना एकच कपडा.

त्याहून सोपे उदाहरण तर पोरे दिवसातून दहा वेळा बोलतात. 'माशाअल्लाह' आणि 'इंशाअल्लाह' हे शब्द फोडून दाखवले की वर्ग शांत होतो. दोन्हींत 'शाअ' हे एकच क्रियापद आहे आणि दोन्हींत ते माजीच्याच रूपात आहे. माशाअल्लाहमध्ये अल्लाहने जे इच्छिले ते होऊन गेले, बाळ समोर खेळते आहे. इंशाअल्लाहमध्ये गोष्ट उद्याची आहे, पण 'इन' म्हणजे 'जर' आला आणि क्रियापद भूतकाळाच्या रूपातच राहिले. आपण उद्याबद्दल बोलताना रोज भूतकाळी रूप वापरतो आणि इंग्रजीच्या 'हॅड'ला बिचकतो!

अरबीत 'जर'लाही वेगवेगळे दरवाजे आहेत. 'इन' म्हणजे होईल किंवा होणार नाही, दार अर्धे उघडे. 'इजा' म्हणजे होणारच आहे, फक्त वेळ यायची आहे. आणि 'लौ' म्हणजे बंद दार, जे नाही त्याचे 'जर'. 'लौ'ने सुरू झालेल्या वाक्यात नकार लिहिलेला नसतो, तरी तो असतो. 'सायकल असती तर' यात 'नाही' हा शब्द कुठे आहे? पण सायकल नाही. आणि 'पाऊस नसता तर' यात 'न' लिहिलेला आहे, म्हणून पाऊस आहे. अशा वाक्यात होकार म्हणजे नकार आणि नकार म्हणजे होकार. उर्दूत तर हे केवळ एका अक्षरावर ठरते. 'वो नहीं आता' म्हणजे तो येत नाही. 'वो न आता' म्हणजे तो आला, पण आला नसता तर! 'आता' दोन्हीकडे तोच. 'नहीं'च्या जागी 'न' आला आणि न येणारा माणूस येऊन बसला. कुरआनातल्या सूरह अंबियाच्या 22व्या आयतीत याच मार्गाने तौहीदची दलील मांडली आहे. एकाहून अधिक ईश्वर असल्याचे 'लौ'ने गृहीत धरायचे, त्यातून आकाश-पृथ्वीचा बिघाड दाखवायचा. तो बिघाड तर दिसत नाही, म्हणून ते गृहीतही नाही. हे सांगितले की पुस्तकातला दुसरा प्रकार पाठ करण्याची गरज राहत नाही.

पण हे सांगितले त्याच वर्षी, मदरशातही जाणाऱ्या एका मुलाने उभे राहून विचारले, 'सर, लौ बोलना तो मना है ना?' त्याचे बरोबर होते. सहीह मुस्लिममध्ये हदीस आहे की संकट आल्यावर मी असे केले असते तर तसे झाले असते असे म्हणत बसू नये, कारण 'लौ' शैतानाच्या कामाला वाट करून देतो. वर्ग आमच्याकडे पाहू लागला. इंग्रजीचे सर आता काय म्हणतात?

आम्ही त्याला दुसऱ्या दिवशीची वेळ दिली, कारण असल्या विषयात तोंडाला येईल ते सांगण्याचा आम्हाला हक्क नाही. मोहल्ल्यातल्या मौलानांना भेटलो. त्यांनी हसून सहीह बुखारीतला 'किताबुत्तमन्नी' उघडून दाखवला. तमन्नांचा हा वेगळा भागच आहे आणि त्यात कोणता 'लौ' जायज आहे यावर एक बाब आहे. मौलाना म्हणाले, तकदीरवर रडणारा 'लौ' मना आहे. इल्म देणारा, भलाई इच्छिणारा 'लौ' नव्हे. मग त्यांनी मिसवाकची हदीस आठवण करून दिली. उम्मतीला जड जाईल ही काळजी नसती तर प्रेषितांनी (स.) प्रत्येक नमाजच्या वेळी मिसवाकचा हुकूम दिला असता. म्हणजे हुकूम दिला नाही, आणि का दिला नाही ते कळले, आणि मिसवाक किती आवडता आहे तेही कळले. हे सगळे 'लौला' या एका शब्दात, म्हणजे 'जर नसते तर' यात. मौलानांना इंग्रजी येत नाही, पण तिसरा प्रकार आम्हाला त्यांच्याइतका स्वच्छ कोणी समजावला नाही. दुसऱ्या दिवशी त्या मुलाला सांगितले. त्याने मान डोलावली आणि वहीत लिहून घेतले, उजवीकडून.

आता ज्यासाठी हे सगळे लिहायला बसलो ते सांगतो. नववीच्या सहामाहीला निबंध होता, 'इफ आय वेअर अ डॉक्टर'. गाईडमध्ये तो तयार मिळतो, गरिबांना फुकट औषध देण्यापासून खेड्यात दवाखाना काढण्यापर्यंत. 'वेअर'चे कारण आम्ही वर्गात सांगितले होते. 'आय'बरोबर एरवी 'वॉज' येतो, पण 'इफ'मागे जुन्या इंग्रजीतले वेगळे रूप एवढ्या एका जागी टिकून राहिले आहे. बोलताना इंग्रजसुद्धा आता 'इफ आय वॉज' म्हणतात, परीक्षेत मात्र 'वेअर'.

एका मुलीने सगळा निबंध 'इफ आय बिकम अ डॉक्टर, आय विल' असा लिहिला. एकदा नाही, पानभर, प्रत्येक वाक्यात 'विल'. मुलगी हुशार, तिला 'वुड' येत नव्हता असे नव्हे, त्याच उत्तरपत्रिकेतल्या व्याकरणाच्या प्रश्नात तिने तो बिनचूक लिहिला होता. वडील टॉवेलच्या कारखान्यात यंत्रमागावर, आई घरी विड्या वळते. आम्ही तिला बोलावून विचारले. ती खाली पाहत म्हणाली, 'वेअर लिखी तो मैं डाक्टर नई होने वाली ऐसाच हुआ ना सर? आपीच बोले थे. बंद दरवाजा.'

आम्ही तिच्याकडे पाहत राहिलो. व्याकरण तिला आमच्यापेक्षा खोल उतरले होते. पंख नसलेल्याने 'मी पक्षी असतो तर' लिहावे, ते ठीक. पण चौदा वर्षांच्या मुलीला 'मी डॉक्टर असते तर' लिहायला लावणे म्हणजे ती होणार नाही हे आधीच गृहीत धरून तिच्याच हाताने लिहून घेणे. मराठीच्या तासाला हीच पोरे 'मी मुख्यमंत्री झालो तर' लिहितात. 'झालो तर' यात दार उघडे असते. 'परीक्षा नसत्या तर', 'आरसे नसते तर' हे विषय बंद दाराचे, पण तेथे कोणाचे आयुष्य दारात अडकत नाही. इंग्रजीच्या प्रश्नपत्रिका काढणाऱ्यांना मात्र पक्षी, डॉक्टर आणि पंतप्रधान एकाच ओळीत बसवायची सवय आहे. शहरातल्या मोठ्या शाळेतल्या पोराला त्याचे काही वाटत नसेल. त्याच्या घरात दोन डॉक्टर असतात आणि 'वेअर' त्याला नुसते व्याकरण वाटते.

शिक्षकांच्या खोलीत यावर वाद झाला. एक ज्येष्ठ सहकारी म्हणाले, नमुना उत्तरात 'वेअर' आहे, गुण कापा, उद्या बोर्डात कोण तिचे ऐकून घेणार? त्यांचे म्हणणे खोटे नाही. बोर्डाचा परीक्षक तिला विचारायला येणार नाही, जसे त्या साहेबांनी आमच्या पोराला विचारले नाही. दुसऱ्या मॅडम म्हणाल्या, वाक्ये तर बिनचूक आहेत, मग कापायचे कशाला? आम्ही गुण कापले नाहीत. प्रश्नाच्या शब्दांना धरून लिहिले नाही, असा शेरा मात्र पेन्सिलने लिहिला आणि तिला समोर बसवून दोन्ही वाक्ये एकाखाली एक लिहायला लावली. बोर्डासाठी 'वेअर' आणि 'वुड', कारण तेथे प्रश्न तसा येईल. घरच्या वहीत 'बिकम' आणि 'विल'.

तिने दोन्ही लिहिली. मग थोडा वेळ पेन तसेच धरून बसली आणि म्हणाली, 'सर, इफ निकाल के व्हेन लिखूँ क्या? इजा जैसा?'

'लिख,' आम्ही म्हणालो. व्याकरणात बसत होते.

त्यानंतरच्या घटक चाचणीला आम्ही निबंधाचे दोन विषय दिले, 'इफ आय वेअर अ बर्ड' आणि 'व्हेन आय ग्रो अप'. बहुतेकांनी पक्षीच घेतला. गाईडमध्ये तयार मिळतो, आणि उडायचे म्हटल्यावर स्पेलिंगही कमी लागतात.